पूलचा स्टान्स आणि स्ट्रोक व्हिडिओवरून कसा तपासायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल खेळणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या शॉटचे दोन-चार व्हिडिओ असतातच. ते शक्यतो बॉल पॉकेटात गेलेल्या शॉटचे असतात आणि मित्रांना दाखवायला काढलेले असतात. स्टान्स (शॉटसाठी उभं राहण्याची आणि वाकण्याची पद्धत) आणि स्ट्रोक (क्यू, म्हणजे खेळायची काठी, मागेपुढे नेऊन मारण्याची हालचाल) शिकण्यासाठी व्हिडिओ काढायचा तर तो वेगळ्या पद्धतीने काढावा आणि वेगळ्या नजरेने बघावा लागतो. खालची उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

व्हिडिओ बघून माझा नेम सुधारेल का?

थेट नाही, आणि हे सुरुवातीलाच समजून घेतलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा असतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साधारण ११४ मिलिमीटर, म्हणजे बॉलच्या दुप्पट. समजा एक सरळ शॉट आहे. व्हाइटपासून (क्यूने मारायचा पांढरा बॉल) ऑब्जेक्ट बॉल (पॉकेटात घालायचा बॉल) १ मीटरवर आणि तिथून पॉकेट आणखी १ मीटरवर. तुमचा व्हाइट फक्त ०.१ अंश चुकीच्या दिशेने निघाला, तर ऑब्जेक्ट बॉलपाशी पोचेपर्यंत तो पावणेदोन मिलिमीटर सरकलेला असतो. त्यामुळे ऑब्जेक्ट बॉल जवळपास पावणेदोन अंशांनी वळतो आणि पॉकेटपाशी ३ सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणजे थेट जबड्यावर, पॉकेटच्या तोंडाच्या कडेवर, आदळतो.

मोबाइलच्या व्हिडिओत ०.१ अंश मोजता येत नाही. एकच मिस बघून ‘तुमचा नेम डावीकडे होता’ असं ठामपणे सांगणारा माणूस अंदाजच बांधत असतो. व्हिडिओत दिसते ती सवय : शरीराचा कोणता भाग, नेमका कधी हलला आणि तो प्रत्येक वेळी तसाच हलतो का. बॉल चुकण्याची कारणं बहुतेक वेळा तिथेच सापडतात, म्हणून एवढं दिसलं तरी पुष्कळ आहे.

मोबाइल कुठे ठेवायचा?

तीन जागा आहेत. प्रत्येक जागेवरून वेगळी गोष्ट कळते.

समोरून : शॉटची रेषा जिथे संपते तिथे, टेबलाच्या पलीकडे, क्यूच्या उंचीवर. इथून टिप (क्यूचं बॉलला लागणारं टोक) डावी-उजवीकडे वळते का, क्यू हनुवटीच्या कोणत्या भागाखालून जातो आणि डोळे कुठे बघतात ते दिसतं.

मागून : खेळाडूच्या पाठीमागे, त्याच रेषेवर. खांदा, कोपर, मनगट आणि क्यू एका उभ्या प्रतलात आहेत की कोपर बाहेर गेलंय, हे इथूनच कळतं. पायांची जागा आणि कंबर क्यूच्या आड येते का, हेही.

बाजूने : ज्या हाताने क्यू धरला आहे त्या बाजूला, रेषेला काटकोनात, कोपराच्या उंचीवर. ब्रिजचं (क्यूला पुढून आधार देणाऱ्या हाताचं) बॉलपासूनचं अंतर, बॅकस्विंगची (क्यू मागे नेण्याची) लांबी, कोपराची आणि डोक्याची हालचाल इथून तपासायची. एकच मोबाइल असेल तर मी सुरुवात इथून करायला सांगेन.

समोरच्या आणि मागच्या कोनात मोबाइल अगदी रेषेवरच हवा. तो अडीच मीटर लांब आणि रेषेपासून १० सेंटिमीटर बाजूला असला तरी बघण्याच्या कोनात सव्वादोन अंशांचा फरक पडतो आणि सरळ स्ट्रोकही तिरका दिसायला लागतो. सोपा उपाय असा : शॉटच्या रेषेवर व्हाइटच्या पुढे आणखी एक बॉल ठेवा, स्क्रीनवर दोन्ही बॉल एकामागे एक झाकले जाईपर्यंत मोबाइल सरकवा आणि मग पुढचा बॉल उचला. वाइड लेन्स वापरू नका, तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात. जागा असेल तर मागे सरकून २एक्स झूमवर शूट करा.

सेकंदाला ३० फ्रेमचा साधा व्हिडिओ चालतो की स्लो-मोशन हवा?

स्टान्स, पायांची जागा, सरावाचे स्ट्रोक यांसाठी साधा व्हिडिओ पुरतो. स्ट्रोकसाठी स्लो-मोशन हवा. मध्यम जोराच्या शॉटमध्ये टिपचा वेग सेकंदाला २ मीटर धरला, तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मधे ती साडेसहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते, बॉलच्या व्यासापेक्षाही जास्त. २४० फ्रेमवर हेच अंतर ८ मिलिमीटरपर्यंत येतं.

तरीही टिप आणि बॉलचा प्रत्यक्ष स्पर्श तुम्हाला दिसणार नाही. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो आणि २४० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममधलं अंतरच त्याच्या चौपट असतं. स्पर्शाच्या आधीची शेवटची आणि नंतरची पहिली, अशा दोन फ्रेम शोधून ठेवायच्या. पुढचं सगळं त्यांच्या भोवती बघायचं.

स्लो-मोशनमध्ये चित्र लुकलुकतं. मोबाइल खराब आहे का?

नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि २४० फ्रेमला ते पकडलं जातं. टेबल खिडकीजवळ असेल तर दिवसा शूट करा. ते जमत नसेल तर १२० फ्रेमवर या.

जोराच्या शॉटमध्ये माझा क्यू वाकलेला दिसतो!

मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एकाच क्षणी टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. वेगाने सरकणारी सरळ वस्तू त्यात तिरकी किंवा वाकडी येते. ब्रेकच्या (डाव सुरू करणाऱ्या जोरदार शॉटच्या) व्हिडिओत हे हमखास होतं, त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

कोणता शॉट शूट करावा?

ज्याची जागा पुन्हा पुन्हा तंतोतंत तशीच मांडता येईल असा. माझी पसंती सरळ स्टॉप शॉटला. दोन बॉलमध्ये साधारण तीन फूट, ऑब्जेक्ट बॉलपासून पॉकेट तेवढंच, आणि व्हाइट धडकेच्या जागीच थांबला पाहिजे. दोन्ही बॉलच्या जागी कागदाची छोटी गोल चिकटपट्टी लावली की मांडणी हलत नाही (पार्लरवाल्याला आधी विचारा, कापड त्याचं आहे). या शॉटला लपायला जागा नसते. व्हाइट पुढे सरकला तर टिप अपेक्षेपेक्षा वर लागली, मागे आला तर फार खाली लागली, जागेवर गिरकी घेत राहिला तर नकळत साइड (बाजूची फिरकी) लागली.

एका कोनातून किमान दहा शॉट, मोबाइल न हलवता. गेलेले आणि चुकलेले दोन्ही ठेवा. चुकलेले डिलीट करणारे खेळाडू सगळ्यात कामाचा माल फेकून देतात. गेलेला आणि चुकलेला शॉट शेजारी शेजारी लावून काय बदललं ते बघणं, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

स्टान्समध्ये सगळ्यात आधी काय बघू?

शॉटला वाकण्याआधीचे तीन-चार सेकंद. जवळपास सगळे लोक व्हिडिओ वाकल्यानंतर सुरू करतात, आणि तोवर निम्मा शॉट ठरून गेलेला असतो. उभं असतानाच रेषा दिसली का? उजवा पाय त्या रेषेवर आला का? शरीर रेषेवरच खाली आलं, की बाजूने वाकून मग सरकत रेषेवर आणलं? खाली गेल्यावर पाय हलवून जमवाजमव होत असेल, तर पुढे स्ट्रोकमध्ये दिसणारा दोष तिथूनच निघालेला असू शकतो. कंबर आड येते म्हणून हात बाहेर जातो, हात बाहेर जातो म्हणून टिप वळते. अशा वेळी मनगट सुधारत बसणं वाया जातं, उजवा पाय योग्य जागी ठेवला की काम होतं.

वाकल्यावर एक साधी परीक्षा करा. बाजूच्या व्हिडिओत शेवटच्या सरावाच्या स्ट्रोकपासून टिप बॉलला लागेपर्यंत डोकं, खांदा, गुडघे आणि ब्रिजचा हात स्थिर आहेत का? हे सगळं स्थिर राहत असेल तर पाय किती अंतरावर, गुडघा सरळ की वाकलेला, हे ज्याच्या त्याच्या उंचीवर आणि शरीरावर सोडून द्यावं.

क्यू हनुवटीच्या बरोबर मध्यावरच हवा ना?

असा नियम नाही. प्रत्येकाला सरळ रेषा सरळ दिसण्याची डोक्याची जागा वेगळी असते. जो डेव्हिस १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरचे १५ वेळा विश्वविजेते झाले. त्यांचा उजवा डोळा अधू होता, म्हणून ते क्यू डाव्या डोळ्याखालून चालवत. समोरच्या व्हिडिओत क्यू मध्यावर आहे का हे बघण्यापेक्षा दहाही शॉटमध्ये तो चेहऱ्याच्या एकाच जागेखाली आहे का, ते बघा. चुकलेल्या शॉटमध्ये तो बोटभर इकडे-तिकडे असेल तर कारण हाती लागलं.

माझं कोपर स्ट्रोकमध्ये खाली येतं. ही चूक आहे का?

यावर सगळ्यात जास्त वाद होतात. वादाचं मूळ असं की ‘कधी’ हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आधी कोपर स्थिर ठेवलं तर काय होतं ते पाहू. दंड हलत नाही, फक्त कोपराखालचा हात लंबकासारखा झुलतो. टिप बॉलला लागते त्या क्षणी हा हात क्यूशी काटकोनात असेल तर मूठ तिच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर असते. त्या क्षणी टिप जवळजवळ आडवी चालते आणि टायमिंग जरा पुढे-मागे झालं तरी बॉलवरची उंची फारशी बदलत नाही. पुढे मूठ वर जाते, म्हणून टिप खाली येऊन कापडाजवळ थांबते. काटकोनाचा आग्रह यासाठी धरतात.

आता कोपर स्पर्शाच्या आधी खाली आलं असं समजा. मूठ ठरल्यापेक्षा खाली जाते आणि क्यू ब्रिजवर टेकलेला असल्यामुळे पलीकडची टिप वर उचलली जाते. तुम्ही स्क्रू (धडकेनंतर व्हाइट मागे आणणारा शॉट) मारायला जाता आणि व्हाइट जागेवरच थांबतो, कधी तर पुढे चालू लागतो. ‘खाली मारूनही मागे येत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याच्या व्हिडिओत मी पहिल्यांदा हेच शोधतो.

स्पर्शाच्या नंतर कोपर खाली आलं तर बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. पुष्कळ व्यावसायिक खेळाडूंचं कोपर जोराच्या शॉटनंतर चांगलंच खाली येतं आणि त्यांचा फॉलो-थ्रू (स्पर्शानंतर क्यूचं पुढे जाणं) लांब, सपाट दिसतो. त्याने काही बिघडत नाही. मात्र कोपर नेमकं स्पर्शानंतरच सोडणं हे टायमिंगचं कसब आहे. नवख्याने ते मुद्दाम शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासायला बाजूचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. स्क्रीनवर कोपराच्या टोकाशी एक खूण करा आणि फ्रेम एकेक करून पुढे न्या. स्पर्शाच्या आधीच्या शेवटच्या फ्रेमपर्यंत कोपर खुणेवर असेल तर निर्धास्त राहा.

डोकं वर येतं असं सगळे सांगतात. ते कसं ओळखायचं?

वरच्यासारखंच, खूण मात्र डोक्याच्या माथ्यावर. बॉल कुठे जातोय हे बघायची घाई डोक्याला वर खेचते आणि डोक्याबरोबर खांदा उचलला जातो. अवघड शॉट आणि सोपा शॉट यांची तुलना करा, कारण ही सवय बहुधा दडपणाखाली उफाळते. स्नूकरपटू ॲलेक्स हिगिन्स शॉट मारताना जवळजवळ अख्खे उठायचे आणि तरीही १९७२ आणि १९८२ साली विश्वविजेते झाले, हे उदाहरण कुणीतरी देतंच. त्यांच्याइतकी हाताची जाण असलेल्या माणसाने तसं खेळावं.

टिप शेवटी वळते का हे व्हिडिओत नीट कळत नाही. दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो व्हिडिओपेक्षा भरवशाचा आहे. ९ ते १५ पैकी एक पट्ट्याचा बॉल व्हाइटच्या जागी ठेवा, पट्टा उभा आणि बरोबर तुमच्या समोर. टिपला चॉक नीट लावा, पट्ट्याच्या मध्यावर मारा आणि बॉलवरचा चॉकचा ठिपका बघा. ठिपका सतत एकाच बाजूला येत असेल तर टिप तिकडे जातेय. मागून काढलेला व्हिडिओ त्यानंतर बघा. तिथे बहुधा दोनपैकी एक गोष्ट दिसते : एक तर मूठ शेवटच्या क्षणी आवळली जाते आणि मनगट वळतं, नाहीतर कोपर प्रतलाच्या बाहेर असल्यामुळे हात कमानीतून येतो.

दुसरी परीक्षा स्नूकरवाल्यांची जुनी : व्हाइट टेबलाच्या मधल्या रेषेवरून समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) मारा, तो परत येऊन टिपला लागला पाहिजे. टेबल समतल आहे याची मात्र आधी खात्री करा.

नजर कुठे असावी, आणि ती व्हिडिओत दिसते का?

समोरून चेहरा जवळ घेतला तर दिसते. व्हाइट आणि ऑब्जेक्ट बॉल यांच्यात नजरेची ये-जा सुरू असते. बहुतेक प्रशिक्षक शेवटच्या स्ट्रोकला ती ऑब्जेक्ट बॉलवर स्थिरावलेली हवी असं सांगतात. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी विविध खेळांत या शेवटच्या स्थिर नजरेचा अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बिलियर्ड्सवरच्या एका संशोधनातही कुशल खेळाडूंची शेवटची स्थिर नजर कमी कुशल खेळाडूंपेक्षा जास्त वेळ टिकते असं आढळलं. व्हिडिओत बघायचं ते हे : बॅकस्विंग संपताना नजर थांबलेली आहे का, की क्यू पुढे निघाला तरी डोळे अजून फिरताहेत? बॅकस्विंगच्या टोकाला क्षणभर थांबायची सवय बऱ्याच जणांना इथे मदत करते.

एखाद्या मोठ्या खेळाडूच्या व्हिडिओशी माझा व्हिडिओ ताडून बघू का?

बघा, पण नक्कल करायची म्हणून नको. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस १९९४ साली यूएस ओपन नाइन-बॉल ही पूलची स्पर्धा जिंकले आणि १९९९ साली विश्वविजेते झाले. त्यांचा लांब, सैल स्ट्रोक पुस्तकी चौकटीत बसत नाही. त्यांचेच देशबांधव फ्रान्सिस्को बुस्तामान्ते यांची टिप सरावाच्या स्ट्रोकमध्ये कापडापर्यंत खाली जाते. अमेरिकेचे कीथ मॅक्रेडी तर हात बाजूला काढून, आडवा झुलवून खेळायचे. या तिघांच्या स्ट्रोकची ठेवण वेगळी, पण महत्त्वाच्या शॉटमध्ये टिप जिथे लागायला हवी तिथेच लागते.

त्यांच्याकडून घ्यायची असेल तर लय घ्या. एकाच खेळाडूचे लागोपाठ वीस शॉट बघा, सरावाचे स्ट्रोक मोजा, शॉटला वाकल्यापासून मारेपर्यंतचा वेळ लावा. मग तेच स्वतःच्या व्हिडिओत करा. फरक थक्क करणारा असतो.

मी स्नूकरवर शिकलो. पूलसाठी स्टान्स बदलावा लागेल का?

आपल्या शहरांमधल्या बऱ्याच क्लबांत आणि पार्लरांत स्नूकरचं टेबल शेजारीच असतं, म्हणून हा प्रश्न सतत येतो. पाया बदलू नका. इंग्लंडच्या ॲलिसन फिशर स्नूकरच्या सात वेळा विश्वविजेत्या. १९९५ साली त्या अमेरिकेत पूल खेळायला गेल्या आणि तिथेही वर्षानुवर्षं अव्वल राहिल्या. त्यांचा शांत, सरळ स्ट्रोक पूलमध्येही उपयोगी पडला. बदल करावे लागतात ते बारीक. पूलचा बॉल स्नूकरच्या ५२.५ मिलिमीटरच्या बॉलपेक्षा मोठा आणि जड, टिप साधारण १२-१३ मिलिमीटरची, आणि व्हाइटला टेबलभर फिरवावं लागतं. व्हिडिओत ग्रिप फार आवळलेली नाही ना आणि फॉलो-थ्रू अर्धवट थांबत नाही ना, एवढं बघा.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू? एआय वापरून आपोआप विश्लेषण होतं का?

कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबली की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो. बहुतेकांना एवढं पुरतं. कोन मोजायचे, रेषा काढायच्या, दोन व्हिडिओ शेजारी लावायचे असतील तर विंडोजवर चालणारं किनोव्हिया मोफत आहे.

गुगलच्या मीडियापाइपसारखी साधनं चित्रातल्या माणसाच्या शरीरावर ३३ बिंदू ओळखतात. चालणाऱ्या माणसावर ती छान चालतात. पूलमध्ये शरीर वाकलेलं, पाय टेबलाआड, एक हात दुसऱ्यामागे, त्यामुळे बिंदू उड्या मारतात. शिवाय क्यू त्यांच्या खिजगणतीत नसतो, आणि एका कॅमेऱ्याने मोजलेला कोपराचा कोन कॅमेरा सरकला की बदलतो. अशा अ‍ॅपने तुमच्या स्ट्रोकला १०० पैकी गुण दिले तर तो आकडा मनावर घेऊ नका. दहा शॉटमध्ये डोकं किती हललं अशी स्वतःचीच स्वतःशी तुलना करायला मात्र ही साधनं कामाची आहेत, मोबाइल जागचा हलला नाही तर.

सरावात सगळं बरोबर दिसतं, सामन्यात बिघडतं. आता?

मग सामना शूट करा. बाजूचा कोन मिळणार नाही, कोपऱ्यात उंचावर मोबाइल लावा आणि फक्त वेळ बघा. बिघडलेल्या शॉटमध्ये बहुधा सरावाचे स्ट्रोक कमी किंवा जास्त झालेले असतात, नाहीतर खेळाडू उभ्यानेच निर्णय पक्का न करता खाली गेलेला असतो. खाली गेल्यावर मन बदललं तर उठून पुन्हा सुरुवात करायची, ही शिस्त सरावातच लावावी लागते.

एकदम चार दोष दिसले. कुठून सुरुवात करू?

पायांपासून वर या. पाय, कंबर, खांदा, कोपर, मनगट. खालचा दोष काढला की वरचा पुष्कळदा आपोआप जातो. एका वेळी एकच बदल, आणि तो निदान दोन-तीन आठवडे. या काळात पॉट (पॉकेटात जाणारे बॉल) कमी होतील, त्याने घाबरून परत फिरू नका. मित्राने व्हिडिओ पाठवून मत विचारलं तर त्यालाही एकच गोष्ट सांगा.

पाठ आणि गुडघे दुखतात. हनुवटी क्यूला टेकवणं जमत नाही.

टेकवू नका. पूलच्या टेबलावर थोडं उंच राहून उत्तम खेळता येतं. पाय जरा जास्त फाकवा, दोन्ही गुडघे हलके वाकवा आणि कमरेतून झुका, पाठ गोल करू नका. मग बाजूचा व्हिडिओ काढून डोक्याची उंची दहाही शॉटमध्ये तीच राहते का बघा. उंची तुमच्या सोयीची निवडा, फक्त रोज तीच ठेवा. वाकल्यावर पायात मुंग्या येत असतील किंवा कळ पायापर्यंत जात असेल, तर व्हिडिओ बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.